बांगडा नावाच्या बोक्याचा गळतीशी संबंध नव्हता

"वास घ्या," पवार म्हणाले.

मी स्टुलावर उभा होतो. नाक सिलिंगपासून वीतभर अंतरावर होतं. हातात मॉइश्चर मीटर होता. स्लॅबमध्ये किंवा भिंतीत ओल किती आहे, ते हे यंत्र सांगतं. वास मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. पण पवारांचा आग्रह होता, म्हणून मी वास घेतला.

"कसला येतोय?"

"ओलीचा."

"नीट घ्या."

मी नीट घेतला. "थोडा उग्र आहे खरा."

"थोडा? अहो, मांजराच्या मुताचा वास आहे हा! वरच्या मॅडमनी दोन मांजरं पाळलीत. त्यांच्या टाइल्समधून झिरपतंय सगळं आमच्या डोक्यावर."

सोसायटीचे सेक्रेटरी कदम खाली स्टूल धरून उभे होते. त्यांनी मान डोलावली. "साहेब, आमची खात्री आहेच. तुमचं फक्त लेखी पाहिजे."

मी सिव्हिल इंजिनिअर. सगळी नोकरी सरकारी ऑफिसात झाली. रिटायर झाल्यावर ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांसाठी गळतीची तपासणी करू लागलो. खालचा म्हणतो पाणी वरच्याचं, वरचा म्हणतो माझं नाही. पाणी नक्की कुठून येतंय ते मी शोधून लिहून द्यायचं. आता चौऱ्याहत्तरी ओलांडली आहे आणि स्टुलावर चढणं बंद केलं आहे. ही गोष्ट मी चढत होतो तेव्हाची आहे.

पवारांच्या बेडरूमच्या छताला, बाहेरच्या भिंतीलगत, पिवळट डाग होता. डागाच्या कडेला पांढरी भुकटी. मीटरने ओल दाखवली, फार नाही. पावसाळा नुकताच संपला होता आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू होता. पवार आयटीवाले, आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करायचे. बेडरूममध्ये एसी सतत चालू. त्यांच्या मिसेसना दिवस गेले होते. मांजराच्या घाणीपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांचं बरोबरच होतं. माणूस घाबरणार. मला पवारांचा राग कधी आला नाही, आजही नाही.

मग आम्ही वर गेलो.

वरच्या मुकादम मॅडम रिटायर्ड शिक्षिका. शाळेत विज्ञान शिकवायच्या. माहेर उरणकडचं, नवरा गेल्यापासून इथे एकट्या. त्यांनी दार अर्धं उघडलं, पायाने काहीतरी मागे सारलं आणि म्हणाल्या, "पटकन आत या. दार उघडं राहता कामा नये."

पायाने सारलेला तो बांगडा. राखाडी बोका, पाठीवर काळे आडवे पट्टे, म्हणून नाव बांगडा. दुसरी सुरमई. ती रुपेरी, सडपातळ. ती आम्हाला पाहून कपाटावर गेली आणि आम्ही जाईपर्यंत उतरली नाही.

मी बरीच मांजरवाली घरं पाहिली आहेत. हे घर त्यातलं सर्वांत स्वच्छ होतं. खिडक्यांना, बाल्कनीला जाळी. दोघांची नसबंदी झालेली, लसी वेळेवर. बांगडा म्हातारा होता, त्याची किडनी बिघडली होती. त्याचं जेवण वेगळं, बिनमिठाचं. दोघांपैकी कोणीही कधी जिन्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

"ट्रे कुठे ठेवता?" मी विचारलं. ट्रे म्हणजे मांजरांच्या शी-शूचं रेतीचं पसरट भांडं.

मॅडमनी बेडरूमचा कोपरा दाखवला. बरोबर पवारांच्या डागाच्या वर. कदमांनी माझ्याकडे पाहिलं.

"आधी इथे होता," मॅडम म्हणाल्या. "तुमचा पहिला निरोप आला, कदम, त्याच दिवशी मी तो दुसऱ्या टोकाच्या बाथरूममध्ये नेला. पवारांना सांगितलं नाही. मुद्दाम."

"मुद्दाम का?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर त्यांना वास कमी वाटला असता. न सांगता काय होतं ते बघायचं होतं. परवा ते पुन्हा येऊन भांडून गेले. वास तसाच आहे म्हणाले. यावरून काय कळतं, साळवीसाहेब?"

प्रश्न वर्गात विचारतात तसा होता. उत्तर सोपं होतं. मी म्हणालो, "आधीचं टाइल्समध्ये मुरलेलं असू शकतं."

"असू शकतं. मग टेस्ट करा."

टेस्ट म्हणजे रंगाची टेस्ट. संशय असलेल्या जागेभोवती सिमेंटचा छोटा बांध घालायचा, आत रंगीत पाणी भरायचं आणि खाली रंग उतरतो का ते बघायचं. मी त्या कोपऱ्यात लाल पाणी भरून ठेवलं. बांगडा त्यातून एकदा चालत गेला आणि हॉलभर लाल पावलं उमटली. मॅडमनी ती पुसली, तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी तेवढंच होतं. खाली पवारांच्या छताला लाल रंगाचा ठिपका नव्हता.

म्हणजे वरून काही उतरत नव्हतं. शिवाय इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला, पवारांच्या खिडकीच्या वर, मला खालून तडा दिसला होता. पावसाचं पाणी तड्यातून आत शिरतं, सळईला गंज चढतो, गंजाचा डाग पिवळट दिसतो. पांढरी भुकटी सिमेंटमधल्या क्षारांची. हे सगळं मला माहीत होतं. डागाचं कारण माझ्यासमोर होतं. मला फक्त वासाचं कारण सापडत नव्हतं.

इथे माझ्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. सरकारी ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर माणूस "नाही" हा शब्द लिहायचा सोडतो. "आहे" लिहिलं तर पुरावा मागतात. "नाही" लिहिलं आणि उद्या काही निघालं तर तुम्हालाच बोलावतात. म्हणून आम्ही लिहितो, "शक्यता नाकारता येत नाही." या वाक्याने कोणाचं कधी निलंबन झालेलं नाही.

मी रिपोर्टात तडा लिहिला. रंग खाली उतरला नाही, तेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, "तथापि, दुर्गंधीच्या संदर्भात वरच्या सदनिकेतील पाळीव प्राण्यांच्या मूत्राची शक्यता नाकारता येत नाही."

सोसायटीची मीटिंग खाली पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक माइक. मला मुद्दाम बोलावलं होतं. कदमांनी रिपोर्ट वाचला. म्हणजे शेवटचं वाक्य वाचलं.

मुकादम मॅडम उभ्या राहिल्या. "साळवीसाहेब, रंग खाली आला का?"

"नाही."

"ट्रे मी हलवला होता. वास थांबला का?"

"पवार म्हणतात, नाही थांबला."

"मग?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पवारांच्या मिसेस मागे खुर्चीवर बसल्या होत्या, पोटावर हात ठेवून. मी म्हणालो, "मॅडम, शक्यता नाकारता येत नाही."

मागून कोणीतरी टाळी वाजवली.

मांजरं हलवावीत असा ठराव झाला. सोसायटीला असा ठराव करता येत नाही. घरात प्राणी पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, तो स्वच्छ आणि ताब्यात ठेवा एवढंच सांगू शकते. हे मला नंतर कळलं. मॅडमनाही नंतर कळलं. कदमांना बहुतेक तेव्हाच माहीत होतं.

मॅडमनी वाद घातला नाही. बाळाचा जीव आहे, म्हणाल्या. त्यांनी दोन्ही मांजरं उरणजवळ जासईला भावाकडे नेऊन ठेवली.

आणि वास गेला.

डिसेंबरात पवारांनी स्वतः फोन केला. "साहेब, मानलं तुम्हाला. रूम एकदम फ्रेश! मुलगी झाली. या एकदा." मी गेलो, पेढा खाल्ला, सिलिंगचा वास घेतला. वास नव्हता. मला बरं वाटलं. आपण नाकारली नाही तीच शक्यता खरी ठरली, याचा थोडा अभिमानही वाटला. थंडीमुळे त्या घरात आता एसी बंद असतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी शालीची घडी बघितली, बाळ बघितलं, एसी बघितला नाही.

मार्चमध्ये परत फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता.

"साहेब, वास परत आलाय. जास्तच. बाळ आहे घरात!"

मी पोचलो तेव्हा कदम आधीच हजर होते. त्यांचं निदान तयार होतं. "मॅडमनी गुपचूप परत आणली असणार. चला वर."

"अहो, आधी खाली बघू."

"नको, रंगेहाथ पकडू."

मॅडमनी दार पूर्ण उघडलं. आता ते अर्धं उघडायची गरज नव्हती. कदम स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आले. दोन वाट्या धुऊन ओट्यावर पालथ्या घातलेल्या होत्या. जाळी तशीच होती.

"बाथरूम राहिलं," मॅडम म्हणाल्या. "तेही बघून घ्या. कपाटावर बघा, सुरमई तिथे बसायची."

कदम म्हणाले, "तसं नाही मॅडम, तक्रार आली की बघावं लागतं."

"सुरमई भावाकडे आहे," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "बांगडा नाही."

"नाही म्हणजे?"

"हरवला. जानेवारीत. घरासमोरून कंटेनरचे ट्रेलर जातात. कोणीतरी हॉर्न दिला, दार उघडं होतं, तो पळाला. त्याला रस्ता माहीत नाही, साळवीसाहेब. त्याने रस्ता फक्त जाळीतून पाहिलेला."

हजेरी घेतात त्या आवाजात त्यांनी हे सांगितलं. कदमांनी घड्याळ बघितलं. आम्ही खाली आलो.

पवारांच्या बेडरूममध्ये बाळ झोपलं होतं. एसी चालू होता. मी या वेळी स्टूल मागितलं नाही. छताखाली उभा राहिलो, वास नव्हता. पाळण्यापाशी गेलो, वास होता. पाळणा एसीच्या समोर होता. मी एसीच्या तोंडाशी नाक नेलं. तोच उग्र वास तिथून येत होता.

"पवार, एसीचं पाणी कुठे सोडलंय?"

"काय माहीत. फ्लॅट घेतला तेव्हा इंटिरिअरवाल्याने सगळं कन्सिल्ड केलं. आधी पाइप बाहेर लोंबायचा, पहिल्या मजल्यावरच्या लोकांवर पाणी टपकायचं. ते लोक भांडायला यायचे. मीच म्हटलं त्याला, शेजाऱ्यांना त्रास नको, आतून काढ."

त्याने आतून काढला होता. बाथरूमच्या भिंतीतून थेट टॉयलेटच्या घाण पाण्याच्या लाइनला जोडला होता. मधे ट्रॅप नाही. ट्रॅप म्हणजे पाइपचा वाकडा भाग, ज्यात थोडं पाणी कायम साठून राहतं. ते पाणी बुचासारखं काम करतं, गटाराची हवा घरात येऊ देत नाही. प्रत्येक बाथरूमच्या नहाणीला तो असतो. तो नसेल तर पाइप दोन्ही बाजूंनी चालतो. इकडून पाणी जातं, तिकडून वास येतो. एसीचा पंखा फिरला की तो वास खोलीभर पसरतो. एसी बंद असला की फारसा जाणवत नाही.

मी एसीचं झाकण काढून आतल्या ताटलीत लाल रंगाचं पाणी ओतलं. तोच डबा, तोच रंग. मग आम्ही तिघे खाली उतरलो आणि मागच्या बाजूच्या गटाराच्या चेंबरचं झाकण उघडलं. वाकून बघत राहिलो. वरून पवारांच्या मिसेसनी आणखी एक तांब्या ओतला.

लाल पाणी आलं.

"आलं की," कदम म्हणाले.

पवारांनी वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे आमचाच?"

"तुमच्या बिल्डिंगचा," मी म्हणालो. "सगळ्यांचा मिळून."

प्लंबरने ट्रॅप बसवला आणि वास थांबला. बाहेरचा तडा भरला. पुढच्या पावसात डाग वाढला नाही. डागाचं कारण वेगळं, वासाचं वेगळं. मी दोन तक्रारींसाठी एकच गुन्हेगार शोधत बसलो होतो आणि दोन्हींच्या बरोबर वर एक बोका राहत होता.

त्या संध्याकाळी मी मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "रविवारी मी जासईला जाते. शोधायला. येता?"

मी गेलो. भावाचं घर गावाच्या कडेला. पलीकडे कंटेनर यार्डांची रांग, रस्त्यावर ट्रेलर. मॅडमच्या हातात सुक्या जवळ्याचा डबा होता. "त्याला खायला देत नाही हा, किडनीमुळे. फक्त वासाला," त्या म्हणाल्या. आम्ही गल्लीतून चालू लागलो. त्या डबा वाजवून हाका मारत होत्या. थोड्या वेळाने मीही मारू लागलो. "बांगड्या! बांगडा!"

एक बाई ताट घेऊन दारात आली. "कोन इकतंय बांगडं? टोपली तं दिसंना."

"आमच्या बोक्याचं नाव आहे, ताई," मॅडम म्हणाल्या.

बाईने दोघांकडे बघितलं. "बोक्याचं? ते मास्तरनीचं पट्ट्याचं मांजर?" मग आवाज खाली आला. "न्हाय बाय, परत नाय दिसला. आमी बी बघतो. पन गाड्या बघ ना किती हायेत."

आम्ही यार्डांच्या गेटांवर विचारलं. वॉचमन चांगली माणसं होती, त्यांनी आत जाऊन बघितलं. कंटेनरांच्या मधल्या फटी अंधाऱ्या असतात. प्रत्येक फटीत काही ना काही हलतं. बांगडा नव्हता. पुढेही मी बरेच रविवार गेलो. मग मॅडमच एकदा म्हणाल्या, "आता पुरे." येताना सुरमईला टोपलीतून घरी आणलं.

तिला परत आणण्याआधी ठराव रद्द व्हायला हवा होता. मी नवा रिपोर्ट लिहून कदमांकडे नेला. वाक्य एकच होतं. मांजरांचा गळतीशी किंवा दुर्गंधीशी काहीही संबंध नाही.

कदमांनी ते दोनदा वाचलं. "असं सरळ कसं लिहिता, साहेब? 'बहुधा' तरी टाका. उद्या काही झालं तर?"

"उद्या काही झालं तर मला बोलवा."

"आधीचा रिपोर्टपण तुमचाच आहे."

"म्हणूनच."

मीटिंग परत पार्किंगमध्ये भरली. या वेळी खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण विषय फक्त चूक दुरुस्त करण्याचा होता. मी वाक्य वाचलं. पवार उठून म्हणाले, "आमचीच लाइन होती. मॅडम, सॉरी." मुलगी त्यांच्या खांद्यावर होती. मॅडमनी मान हलवली आणि मला विचारलं, "यात बांगड्याचं नाव आहे का?"

"नाही. मांजरं असं लिहिलंय."

"बरं," त्या म्हणाल्या. ठराव रद्द झाला आणि कदमांनी पुढचा विषय घेतला. पार्किंगचे स्टिकर.

हे इथे संपायला हवं होतं. पण माझा पहिला रिपोर्ट तोवर व्हॉट्सॲपवर फिरत होता. दुसरा कोणी फिरवला नाही. दुसऱ्या सेक्टरमधून, एकदा तर वाशीहून, मला सेक्रेटरींचे फोन येऊ लागले. "साहेब, आमच्याकडेपण एक मांजरवाली फॅमिली आहे. तुमचं तसं लेखी मिळेल का?" एकाला कुत्र्याविरुद्ध पाहिजे होतं. गळती पाचव्या मजल्यावर, कुत्रा तळमजल्यावर. मी प्रत्येकाला नाही म्हणालो. ते दुसरा इंजिनिअर शोधत असणार. म्हणून हे लिहितो आहे आणि नावानिशी लिहितो आहे. ऐरोलीच्या त्या बिल्डिंगमधला बांगडा नावाचा राखाडी पट्टेवाला बोका निर्दोष होता. त्याच्यावरचा आरोप मी लिहिला होता. तो चूक होता.

आता धंद्यातलं थोडं. एसीचं पाणी घाण लाइनला जोडू नका, जोडलंच तर ट्रॅप बसवा. मांजर पाळत असाल तर मॅडमसारखं पाळा, जाळी लावून, नसबंदी करून. शेजारचं मांजर आवडत नसेल तर सरळ तसं सांगा, त्याच्यावर गळती घालू नका. आणि तपासणी करणाऱ्याने, ज्याच्यावर तक्रार आहे त्याला बोलता येत नसेल, तर एक टेस्ट जास्त करावी.

मी अजून अधूनमधून मॅडमकडे जातो. चहा होतो. मी आत आलो की सुरमई उठते, माझ्याकडे एकदा बघते आणि दुसऱ्या खोलीत निघून जाते. मॅडम म्हणतात, ती सगळ्यांशी अशीच वागते. मागच्या खेपेला पवारांची मुलगी तिथे खेळत होती. सुरमई तिच्या मांडीवर झोपली होती.